कंत्राटदाराने घराचे नुकसान केले, तर भरपाईचा आकडा कसा ठरतो?

भिंतीवर कपाट बसवण्यासाठी सुताराने चार भोके पाडली. तिसऱ्या भोकातून ड्रिलच्या टोकाबरोबर कोरड्या भुकटीऐवजी ओलसर लगदा बाहेर आला. त्याने तो बोटाने पुसला, स्क्रू आवळला आणि कपाट चढवले. स्क्रूनेच भोक जवळजवळ बुजवल्यामुळे त्या दिवशी काहीच दिसले नाही. तीन आठवड्यांनी पलीकडच्या खोलीत भिंतीचा रंग फुगला, जमिनीलगतची लाकडी पट्टी वाकली आणि फरशीच्या सांध्यांत काळी बुरशी धरली. घरमालकाने फोन केला तेव्हा कंत्राटदाराने शांतपणे सांगितले, “त्या भिंतीला ओल आधीपासूनच असणार.”

घराच्या कामात झालेल्या नुकसानीचे बहुतेक वाद या एका वाक्यापाशी येऊन अडतात. नुकसान झाले आहे हे कोणीही नाकारत नाही, कारण ते डोळ्यांना दिसते. प्रश्न उरतात ते असे: ते आधी नव्हते कशावरून, ते याच माणसाच्या हातून झाले कशावरून आणि ते पूर्ववत करण्याचा वाजवी खर्च किती. या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे कागदावर असतात, त्याला सहसा वकिलाची पायरी चढावी लागत नाही. ज्याच्याकडे ती नसतात, त्याची बाजू कितीही खरी असली तरी ती कोणाला दाखवता येत नाही.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा. भरपाई म्हणजे दंड नव्हे. कंत्राटदाराला धडा शिकवणे हा तिचा हेतू नसतो. काम नीट झाले असते तर घरमालक ज्या स्थितीत असता, त्या स्थितीत त्याला पैशाच्या रूपाने आणून ठेवणे, एवढेच कायदा करू पाहतो. त्यामुळे संताप, मनस्ताप, कामगारांचे उद्धट बोलणे किंवा वाया गेलेल्या सुट्ट्या या गोष्टी कितीही खऱ्या असल्या तरी मागणीच्या आकड्यात त्यांना बहुधा फारच थोडी जागा मिळते. मागणीपत्राचे पहिले पान याच गोष्टींनी भरले, तर वाचणारा दुसऱ्या पानावरच्या खऱ्या हिशेबाकडेही संशयाने पाहू लागतो.

मागणी लिहिण्याआधी नुकसानीचे तीन भाग वेगळे करावेत. पहिला भाग म्हणजे खुद्द कामच सदोष असणे: फरशी उतार चुकवून बसवली, गिलावा पोकळ वाजतो, नवा नळ गळतो. दुसरा भाग म्हणजे काम करताना दुसऱ्याच वस्तूला झालेली इजा: फरशी बसवताना आधीचा दरवाजा ओरखडला, ड्रिलने पाइप फुटला, ब्रेकरच्या हादऱ्याने शेजारच्या भिंतीला भेग पडली. तिसरा भाग म्हणजे या दोन्हींच्या मागून येणारे नुकसान: खोली राहण्याजोगी न उरल्याने दुसरीकडे राहण्याचा खर्च, बुडालेले भाडे, भिजलेले सामान. हे तीनही भाग एकाच बिलात कोंबले, तरी पैसे देणारा माणूस ते वेगळे करतोच. कंत्राटदाराकडे त्रयस्थाच्या मालमत्तेसाठी उत्तरदायित्वाचा विमा असेल, तर तो साधारणपणे दुसऱ्या भागासाठी आणि त्यातून थेट उद्भवलेल्या तिसऱ्या भागासाठी असतो. सदोष काम पुन्हा करून देण्याचा खर्च अशा विम्यातून सहसा वगळलेला असतो, आणि ज्या वस्तूवर प्रत्यक्ष काम चालू होते ती वस्तूही कित्येक पॉलिसींत वगळलेली असते. म्हणजे प्लंबरने बसवलेला जोड सुटून खालची लाकडी जमीन फुगली, तर जमिनीचे पैसे विमा कंपनीकडून मिळू शकतात, पण जोड पुन्हा बसवण्याचे पैसे प्लंबरच्याच खिशातून यावे लागतात. “विमा कंपनीने दावा नाकारला” असे कंत्राटदार सांगतो, तेव्हा नेमका कोणता भाग नाकारला हे विचारावे. विम्याने नाकारले म्हणून त्याची स्वतःची जबाबदारी संपत नाही. विमा हा त्याचा आणि कंपनीचा आपसातला व्यवहार असतो.

आता पुराव्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त प्रकरणे इथेच ढिली पडतात. नुकसान दिसल्यावर पहिली इच्छा आवरासावर करण्याची होते. माझ्याच घरी छताच्या कामात वरून पडलेल्या विटेने खिडकीखालचा दगडी उंबरा फुटला, तेव्हा मी आधी झाडू घेतला आणि नंतर फोन केला. तुकडे कचऱ्यात गेले आणि उंबरा “आधीच तडकलेला” ठरला. ताज्या तुटीची कड स्वच्छ आणि टोकदार असते, जुन्या तड्यात धूळ आणि काजळी बसलेली असते. हा फरक त्या तुकड्यांवर सहज दिसला असता. म्हणून काही हलवण्याआधी छायाचित्रे घ्यावीत: एक दुरून, ज्यात खोली ओळखू येईल, एक जवळून, ज्यात तूट दिसेल, आणि एक मोजपट्टी शेजारी ठेवून. कामगारांची हत्यारे, शिडी, उघडे पडलेले पाइप त्याच चौकटीत आले तर उत्तम, कारण काम चालू असतानाच हे घडले हे ते चित्र आपोआप सांगते. मूळ फाइल मोबाइलमध्ये तशीच ठेवावी. संदेशातून पुढे पाठवलेल्या प्रतीत तारीख आणि वेळेची नोंद अनेकदा पुसली जाते.

भेगांचे प्रकरण थोडे वेगळे असते. भेग स्थिर आहे की वाढते आहे, यावर तिचे कारण आणि दुरुस्तीचा खर्च दोन्ही अवलंबून असतात. अभियंते यासाठी एक जुनी युक्ती वापरतात: भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटवून शेजारी तारीख लिहितात. भिंत हलली तर काच तडकते, आणि हालचाल कोणत्या तारखेनंतर झाली याची साक्ष भिंतच देते. पाण्याच्या बाबतीत प्लंबरकडून दाबाची चाचणी करून घ्यावी. लाइन बंद करून तिच्यात दाब भरला जातो आणि गेजचा काटा उतरतो का ते पाहिले जाते. काटा उतरला म्हणजे गळती बंद लाइनमध्येच आहे, छतातून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याला त्यात दोष देता येत नाही. सुरुवातीच्या उदाहरणात कंत्राटदाराचे शांत वाक्य या चाचणीने आणि भिंत उघडल्यावर पाइपवर दिसलेल्या गोल छिद्राने संपते. छिद्राचा व्यास आणि त्या दिवशी वापरलेल्या ड्रिलच्या टोकाचा व्यास जुळला, तर पुढे बोलायला फारसे उरत नाही. पाइपचा तेवढा तुकडा कापून काढला की तो दुरुस्ती करणाऱ्याच्या पिशवीत जाऊ देऊ नये. त्याला तारखेची चिठ्ठी बांधून स्वतःजवळ ठेवावा.

काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी घरभर फिरून सावकाश चित्रीकरण केलेले असेल, तर वरची अर्धी खटपट वाचते. मोठ्या बांधकामांत शेजारच्या इमारतींची अशी पूर्वपाहणी अधिकृतपणे केली जाते आणि तिच्या अहवालावर दोन्ही पक्ष सह्या करतात. घरगुती कामात इतका सोपस्कार कोणी करत नाही, पण दहा मिनिटांचे चित्रीकरण कंत्राटदाराला त्याच संध्याकाळी पाठवून “कामापूर्वीची स्थिती” एवढे दोन शब्द लिहिले, तर परिणाम जवळपास तोच होतो.

जबाबदार कोण, हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नसतो. ज्याने भोक पाडले तो सुतार, ज्याने त्याला पाठवले तो पोटकंत्राटदार आणि ज्याच्याशी घरमालकाने करार केला तो मुख्य कंत्राटदार, असे तीन माणसांचे वर्तुळ तयार होते आणि प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. घरमालकाने या वर्तुळात फिरू नये. ज्याच्याशी करार आहे आणि ज्याला पैसे दिले आहेत, त्यानेच काम वाजवी काळजीने करून देण्याचे वचन दिलेले असते. ते त्याने कोणाच्या हातून करून घेतले हा त्याचा प्रश्न. पोटकंत्राटदाराकडून वसुली करायची असेल तर ती त्याने मागाहून करावी. मात्र मालकाने स्वतःच वेगवेगळे कारागीर आणून काम करून घेतले असेल, तर सगळ्यांना बांधणारा असा एक करारच नसतो. मग नेमके कोणाच्या हातून काय झाले हे मालकालाच दाखवावे लागते. स्वस्तात काम करून घेण्याची ही किंमत बऱ्याच जणांच्या लक्षात फार उशिरा येते.

नुकसान शेजाऱ्याच्या घराचे झाले, तर पारडे उलटू शकते. इंग्लंडमध्ये 1868 साली रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्याचा निकाल लागला. एका गिरणीमालकाने कंत्राटदारांकडून जलाशय बांधून घेतला होता. जमिनीखालच्या जुन्या खाणींच्या वाटा त्यांनी नीट बुजवल्या नाहीत आणि पाणी शेजारच्या खाणीत शिरले. स्वतः मालकाचा काही निष्काळजीपणा नव्हता, तरी धोकादायक गोष्ट स्वतःच्या जागेत साठवली आणि ती बाहेर पडली म्हणून त्यालाच जबाबदार धरले गेले. सर्वसाधारण नियम असा की स्वतंत्र कंत्राटदाराच्या चुकीसाठी मालक जबाबदार नसतो, पण पाणी साठवणे, पाया खोदणे, सामायिक भिंतीचा आधार काढणे अशा धोक्याच्या कामांत अनेक ठिकाणी या नियमाला अपवाद मानले जातात. अशा कामात शेजाऱ्याची तक्रार आली की ती त्याच दिवशी लेखी स्वरूपात कंत्राटदाराकडे पोहोचवावी.

आकडा कसा ठरतो, हा या विषयाचा गाभा आहे. साधे उत्तर असे की दुरुस्तीचा वाजवी खर्च मिळतो. ‘वाजवी’ या शब्दात मात्र बरेच काही दडलेले आहे. रक्सली खटला म्हणून ओळखला जाणारा 1995 चा इंग्लंडमधला निकाल याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. एका घरमालकाने आपल्या बागेत पोहण्याचा तलाव बांधून घेतला. करारात खोली 7 फूट 6 इंच ठरली होती, प्रत्यक्षात उडी मारण्याच्या जागी ती सुमारे 6 फूटच निघाली. तलाव वापरण्यास सुरक्षित होता आणि त्याच्यामुळे घराची किंमत घटलेली नव्हती. खोली वाढवायची तर तलाव पाडून पुन्हा बांधावा लागणार होता आणि त्याचा खर्च 21,560 पौंड होता. अपील न्यायालयाने ही पूर्ण रक्कम मंजूर केली. तेव्हा तिथले सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ती रद्द करून मूळ न्यायाधीशाने ठरवलेले 2,500 पौंडच कायम ठेवले. दुरुस्तीचा खर्च आणि तिच्यातून होणारा लाभ यांत इतकी तफावत असेल तर पाडकामाचा आग्रह वाजवी नाही, पण हवे होते ते मिळाले नाही याचीही काही किंमत आहे, असा त्या निकालाचा अर्थ. त्याआधी 1921 साली न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयापुढे एका बंगल्याचे प्रकरण आले होते. करारात ठरावीक कंपनीचे पाइप होते, कंत्राटदाराने चुकून दुसऱ्या कंपनीचे तितकेच चांगले पाइप भिंतींत बसवले होते. न्यायाधीश कार्डोझो यांनी भिंती फोडून पाइप बदलण्याचा खर्च नाकारला आणि दोन्ही पाइपांमुळे घराच्या किमतीत पडणारा फरकच मोजला, जो जवळपास शून्य होता.

या निकालांचा रोख सदोष कामाकडे आहे हे लक्षात ठेवावे. फुटलेल्या पाइपाने भिंत भिजत असेल, तर तिथे दुरुस्तीचा खर्च बहुधा पूर्ण मिळतो, कारण ओली भिंत तशीच ठेवा असे कोणी म्हणू शकत नाही. तिथे वाद वेगळ्याच दोन गोष्टींवर होतो. पहिली गोष्ट जुन्याच्या जागी नव्याची. पंधरा वर्षे वापरलेला गालिचा भिजला आणि मालकाने नवा घेतला, तर त्याच्याकडे आधीपेक्षा चांगली वस्तू आली, म्हणून घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, वजा करण्याची मागणी होते. गालिचा, पडदे, रंग यांच्या बाबतीत ती अनेकदा मान्य होते. पण भिंतीचा एखादा भाग किंवा पाइपचा तुकडा जुना बसवणे शक्यच नसते. मालकाला नवे घेण्यावाचून पर्याय नसेल, तर त्यातून होणारा फायदा त्याच्या माथी मारू नये, असा युक्तिवाद तिथे चालतो. दुसरी गोष्ट जुळणीची. चार फरश्या फुटल्या आणि तो नमुना आता बाजारात मिळत नाही. मग चारच बदलायच्या की संपूर्ण खोलीच्या? याला सर्वत्र लागू पडेल असे उत्तर नाही. आधी तोच नमुना शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, विक्रेत्यांची “मिळत नाही” अशी लेखी उत्तरे जोडली आणि कपाटाखालच्या किंवा कोपऱ्यातल्या चांगल्या फरश्या काढून दर्शनी जागी बसवता येतील का हेही तपासले, तर पूर्ण खोलीची मागणी हट्टाची वाटत नाही. कंत्राटदाराकडे द्यायला निदान दोन वेगवेगळ्या कारागिरांची अंदाजपत्रके असावीत आणि त्यांत साहित्य, मजुरी आणि मलबा उचलण्याचा खर्च वेगळा लिहिलेला असावा. एकरकमी आकड्यावर घासाघीस सुरू होते. बाबवार आकड्यावर निदान चर्चा होते.

मागून येणाऱ्या नुकसानीची मर्यादा 1854 च्या हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या निकालापासून आजवर इंग्लिश परंपरेतल्या न्यायालयांत सांगितली जाते. ग्लॉस्टरच्या एका पिठाच्या गिरणीचा मोडलेला दांडा वाहतूकदाराने उशिरा पोहोचवला आणि गिरणी तेवढे दिवस बंद राहिली. दांड्याशिवाय गिरणी चालूच शकत नाही, हे वाहतूकदाराला माहीत असल्याचे न्यायालयाने मानले नाही, म्हणून बुडालेला नफा मिळाला नाही. घराच्या कामाला हे जसेच्या तसे लागू पडते. पुढच्या महिन्यापासून खोली भाड्याने द्यायची ठरली आहे किंवा घरात कोणी आजारी असल्यामुळे पाणी एक दिवसही बंद ठेवता येणार नाही, हे कंत्राटदाराला करार होण्याआधी लेखी सांगितलेले असेल, तर त्या नुकसानीची मागणी टिकते. मागाहून सांगितले, तर तो “मला कसे कळणार” असे म्हणतो आणि त्याचे म्हणणे बरोबर असते.

मालकाच्या बाजूलाही एक कर्तव्य असते: नुकसान वाढू न देणे. पाइप फुटल्याचे कळल्यावर मुख्य कॉक बंद करणे, सामान हलवणे, छताला ताडपत्री लावणे हे त्याने स्वतःहून करायलाच हवे, आणि त्यासाठी केलेला वाजवी खर्च मागणीत धरता येतो. कंत्राटदाराला अद्दल घडावी म्हणून भिंत महिनाभर ओली ठेवली, तर त्या महिन्यात वाढलेले नुकसान मालकाच्याच पदरी पडते. तातडीचा बंदोबस्त आणि कायमची दुरुस्ती यांत मात्र फरक करावा. कायमच्या दुरुस्तीआधी कंत्राटदाराला येऊन पाहण्याची आणि स्वतः दुरुस्त करून देण्याची वाजवी संधी लेखी द्यावी, कारण ती न देता दुसऱ्याला काम दिले तर “मी ते निम्म्या खर्चात केले असते” हा त्याचा आक्षेप बऱ्याचदा मानला जातो. एकदा दिलेली संधी वाया गेली असेल, किंवा चूक इतकी गंभीर असेल की त्याच्यावर पुन्हा विश्वास ठेवणे कोणालाही वाजवी वाटणार नाही, तर ही अट सैल होते.

उरलेले पैसे अडवून ठेवणे हे घरमालकाचे सर्वांत जवळचे हत्यार आहे, आणि सर्वांत जास्त चुका त्यातच होतात. इंग्लंडमधल्या दोन निकालांची तुलना उपयोगी पडते. 1952 च्या प्रकरणात एका छोट्या घराची सजावट 750 पौंडांत ठरली होती. काही दोष राहिले, ते दूर करण्याचा खर्च सुमारे 55 पौंड होता. मालकाने उरलेले 350 पौंड अडवले. न्यायालयाने सांगितले की काम बहुतांशी पूर्ण आहे, 55 पौंड वजा करून बाकीचे द्या. 1972 च्या प्रकरणात घर तापवण्याची यंत्रणा 560 पौंडांत बसवून द्यायची होती. घर पुरेसे गरम होत नव्हते, बैठकीच्या खोलीत धूर येत होता आणि दुरुस्तीला 174 पौंड लागणार होते. तिथे कामाचा मुख्य हेतूच साधला नाही, म्हणून कंत्राटदाराला एक पैसाही मिळाला नाही. म्हणजे नुकसानीइतकी रक्कम तिचा हिशेब जोडून अडवणे बहुधा समर्थनीय ठरते. छोट्या ओरखड्यासाठी सगळा शेवटचा हप्ता गिळून बसणे हे मालकावरच उलटते, आणि काही देशांत थकीत बिलापोटी कंत्राटदार घरावर बोजाही नोंदवू शकतो.

मागणीपत्र लहान असावे. कोणते काम, कोणत्या तारखेचा करार, कोणत्या दिवशी काय दिसले, त्याचे कारण कोणत्या चाचणीवरून ठरले, दुरुस्तीचा बाबवार खर्च किती आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवे, एवढे एका पानात बसते. उदाहरणार्थ: “दिनांक अमुक रोजी आपल्या कारागिराने पूर्वेकडील भिंतीत पाडलेल्या भोकामुळे पाण्याचा पाइप फुटला. दाबाच्या चाचणीचा अहवाल, पाच छायाचित्रे आणि दोन अंदाजपत्रके सोबत आहेत. चौदा दिवसांत आपण पाहणी करून दुरुस्ती करावी किंवा खर्च द्यावा. त्यानंतर दुसऱ्याकडून दुरुस्ती करून घेऊन खर्च आपल्याकडून वसूल केला जाईल.” हे पत्र पोहोचल्याची नोंद राहील अशाच मार्गाने पाठवावे. कंत्राटदाराने त्याच्या विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक कळवावा, अशी विनंतीही त्यात करावी.

घरमालकाचा स्वतःचा गृहविमा असेल, तर त्या कंपनीलाही लगेच कळवावे, मग दावा करायचा की नाही हे नंतर ठरवता येते. कंपनीने पैसे दिले की कंत्राटदाराकडून ते वसूल करण्याचा हक्क तिच्याकडे जातो. म्हणूनच कंत्राटदाराने अर्धी रक्कम हातावर ठेवून “आता काही तक्रार नाही” अशा चिठ्ठीवर सही मागितली, तर सही करण्यापूर्वी थांबावे. त्या सहीने विमा कंपनीचा वसुलीचा हक्क बुडतो आणि मग तीही पैसे द्यायला नकार देऊ शकते. “पूर्ण व अंतिम” असे लिहिलेला धनादेश वटवण्यातही हाच धोका असतो. भिंतीच्या आतली ओल किती दूर गेली आहे हे कळण्याआधी केलेली तडजोड जवळजवळ नेहमीच कमी पडते, म्हणून तडजोडपत्रात ‘आज दिसत असलेल्या नुकसानीपुरती’ असे शब्द घालून घ्यावेत.

पत्राला उत्तर आले नाही, तर पुढचा मार्ग रकमेवर आणि करारावर अवलंबून असतो. करारात लवादाचे कलम असेल तर ते आधी वाचावे. लहान रकमांसाठी बऱ्याच देशांत वकिलाविना चालणारी सोपी न्यायालये किंवा ग्राहक तक्रार यंत्रणा असतात, आणि कंत्राटदाराला परवाना देणारी संस्था असेल तर तिच्याकडची तक्रार कधीकधी न्यायालयापेक्षा लवकर काम करते. मोठ्या रकमेसाठी स्वतंत्र अभियंत्याचा अहवाल घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये. त्याची फी वाचवण्याच्या नादात कारणाचा प्रश्न अधांतरी राहतो. दावा दाखल करण्याच्या मुदतीकडेही आधीच पाहून ठेवावे. काही ठिकाणी ती काम झाल्या दिवसापासून मोजतात, काही ठिकाणी नुकसान उघड झाल्या दिवसापासून. वाटाघाटी चालू आहेत म्हणून ती सहसा थांबत नाही. कंत्राटदार “पुढच्या आठवड्यात येतो” असे सांगत राहतो, तेव्हा कालनिर्णयाचे पान त्याच्या बाजूने उलटत असते. मुदत जवळ आली असेल, तर बोलणी चालू ठेवूनही दावा दाखल करता येतो, किंवा कायद्यात मुभा असेल तिथे मुदत वाढवण्याची लेखी संमती त्याच्याकडून घेता येते.